स्लॅबचं पाणी आणि मामाजींची न्हाणी

नालवाडी, वर्धा
श्रावणातला सोमवार

सौ. जयाताईंना नलूचा वाकून नमस्कार.

तिकडे कपाशीला पाऊस मानवला असेल, भाऊजींचा गुडघा कुरकुरत नसेल आणि मामाजी वेळेवर जेवत असतील, असं धरून चालते. (भातावर वरण कमी पडलं तर ते मागत नाहीत, नुसते ताटाकडे बघत बसतात. तेवढं सांभाळा.) हे फोनवरही विचारलं असतं, पण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी मामाजी, म्हणजे तुमचे बाबाच, बसलेले असतात, म्हणून कागद घेतला.

मामाजी तुमच्याकडे का आले हे त्यांनी सांगितलं नसणार. लेकीची आठवण आली म्हणाले असतील. ताई, खरं कारण त्यांच्या खोलीची न्हाणी. जोराचा पाऊस आला की तिथल्या जाळीतून पाणी खाली जायचं सोडून वर यायचं, आणि कसलं पाणी ते लिहीत नाही, तुम्ही कदाचित जेवणाआधी वाचत असाल. त्या दिवशी तर त्यांच्या चपला तरंगत स्वयंपाकघरापर्यंत आल्या. मामाजींनी चपला पुसून पायात घातल्या. पिशवी भरली, "जयाकडं दोन दिवस जाऊन येतो" म्हणाले आणि समुद्रपूरच्या एसटीत बसले. ते दोन दिवस अजून संपायचे आहेत.

मग तुमच्या भावानं, आदेशनी, मोतीलाल मिस्त्रीला आणलं. तो म्हणाला, स्लॅबवरचं पावसाचं पाणी कुठंतरी सांडपाण्याच्या पाइपात घुसून राह्यलं, दोन्ही वेगळे करा लागतात. पण घुसतं कुठं? ते बघायला आदेश बादलीत नीळ कालवून स्लॅबवर चढले (घरातली सगळी नीळ, मला न विचारता) आणि मी खाली न्हाणीच्या जाळीवर डोळे लावून बसले. ते बादल्यांवर बादल्या ओतत होते, वरून विचारत होते, "आलं का?" आणि आमच्याकडे काही म्हणता काही येईना. आल्या त्या शेजारच्या नंदिनीकाकू, हातात निळी चादर घेऊन. आपलं आणि त्यांचं सांडपाणी मागच्या एकाच चेंबरमधून जातं ना. निळं पाणी त्यांच्या न्हाणीत वर आलं, तिथं धुवायला टाकलेली चादर सकाळपर्यंत पांढरी होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर काकू खाटेवर बसून हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "हा जोड तुया सासऱ्यानं, महादेवरावांनीच केला व्हता. पावसाचा पाइप सरळ न्यायचा तर लिंबाचं झाड तोडा लागत व्हतं, आन् तुई सासू झाडाले टेकून उभी राह्यली. म्हणे, आधी माह्यावर कुदळ मारा. मंग त्यायनं गुपचूप न्हाणीच्याच पाइपात जोडून टाकला." ताई, हे मला नव्यानंच कळलं. सासूबाईंना जाऊन इतकी वर्षं झाली आणि मामाजी दर पावसाळ्यात ते पाणी उपसत राहिले, पण कधी कुणाला कारण सांगितलं नाही. आदेश बराच वेळ स्लॅबवरून खाली उतरलेच नाहीत.

मोतीलाल म्हणाला, झाड काढलं तर काम सोपं होईल. आदेश म्हणाले, "सोपं नको करू, वळवून ने." मग अंगण उकरलं, झाडाला वळसा घालून नवा पाइप नेला, पलीकडे पाणी मुरायला शोषखड्डा खणून त्यात गोटे भरले. न्हाणीची लाइन आता न्हाणीचीच. (त्या खोदकामात टाकीचा नळ दोनदा फुटला आणि मी एकदा चिखलात बसले, ते तुम्हाला दिवाळीत करून दाखवीन.)

परवा दिवसभर, रात्रीपर्यंत थांबला नाही असा पाऊस झाला. आम्ही दोघं न्हाणीच्या दारात उभं राहून जाळीकडे बघत होतो. काही आलं नाही. न्हाणी कोरडी ठणठणीत, खोली कोरडी, त्यांची खाट कोरडी. आदेश म्हणाले, "झालं बाप्पा." खोलीत इतकं चांगलं झालं होतं आणि बघायला खोलीचा धनीच नव्हता.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
नलू

ता. क. आता खरं काम लिहिते. सगळं नीट झाल्याचं आदेशनी फोनवर सांगितलं तर मामाजी म्हणाले, "चांगलं झालं, मंग आता माही काय गरज हाय तिथं?" आणि फोन तुमच्याकडे दिला. म्हणून वरचं सगळं त्यांना वाचून दाखवू नका. पाइप पुन्हा तुंबला, मोतीलाल कुणाचं ऐकत नाही, तुम्ही गेल्याशिवाय होत नाही, असं सांगा. आदेशना यातलं काही माहीत नाही. त्यांना खोटं चालत नाही.

ता. क. दुसरा. ताई, मी आदेश. नलूनं पाकीट पोस्टात टाकाले देलं, उघडंच होतं. पाइप तुंबला म्हणून मी काल संध्याकाळीच बाबाले फोन करून सांगतलं. ते उद्या पयल्या एसटीनं निघून राह्यले, हे पत्र तुले भेटन तवर इकडं पोचले असतीन. नलूनं मेहनतीनं लिहिलं म्हणून पत्र पाठवतो. मी आता स्लॅबवर चाललो. बाबा यायच्या आधी पाइपात थोडासा पाला कोंबून ठेवा लागते.