शंभरातले ब्याण्णव

नागपूर, २ सप्टेंबर २०२५

ती. उर्वशीताईस सा. न. वि. वि.

तुझा फोन महिनाभर बंद, म्हणून पत्र. आमच्या दवाखान्यात तुझ्यासारख्या, ल्युपसनं सांधे धरलेल्या रुग्णांचं आयुष्य कसं चाललंय, ते मोजणं सुरू आहे. प्रश्न परदेशातले, मराठी माझी. तू भरून दिलेल्या फॉर्मला शंभरातले ब्याण्णव! सहा देशांत कुणाला एवढे नाहीत. गणितात पस्तिसाला धापा टाकणारी तू!

पण रक्ताचा रिपोर्ट इतका वाईट, आणि दुखण्यामुळे घरकाम थांबलं का, याला 'एकदाही नाही' कसं? खरं लिही. भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, आटू देऊ नकोस.

तुझी अमिता

पांढुर्णा, ७ सप्टेंबर

चि. अमितास अनेक आशीर्वाद.

खोटं काही लिहिलं नाही. काम खरंच थांबलं नाही. थांबलं की पंकज मारतो. बोटं सुजून कणीक मळता येईना, तेव्हा त्यानं पोळपाटानं मनगट ठेचलं. त्याच हातानं पोळ्या लाटल्या. फोन त्यानंच भिंतीवर फोडला. पोळ्यानंतरच्या गोटमारीत दगड लागून त्याला चार टाके पडले, तर सासूबाईंनी शिरा केला, गल्ली बघायला आली. माझ्या डोक्याला सात पडले, ते न्हाणीत घसरल्याचे! गालावरचा चट्टा बिमारीचा की थपडेचा, मलाही ओळखू येत नाही.

काम थांबलं तर काय होतं, हे तुमच्या कागदानं विचारलंच नाही गं. उत्तर शेजारच्या सरलाकाकूंच्या पत्त्यावर टाक. माया असू दे.

तुझी ताई

नागपूर, १२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

प्रश्न सगळ्या देशांत तेच, वाढवता येत नाही, असं आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी भांडले. तुझे ब्याण्णव मीच हसत सगळ्यांना वाचून दाखवले होते, लाज वाटते. बाबूजींना सगळं सांगितलं. जावई तापट हाय, मी समजावतो नं त्याले, असं म्हणून राहिले. २१ तारखेला, रविवारी दोघं येतो. तोवर जीव सांभाळ, ताई.

तुझीच अमिता

सौंसर, १७ सप्टेंबर

चि. अमितास आशीर्वाद.

अक्षर सरलाकाकूंचं आहे, मी सांगून राहिली. उजवं मनगट मोडलंय. आम्ही काकूंच्या माहेरी आहोत.

सोमवारी सांधे असे धरले की उठवेना. आज काम होणार नाही, असं मी पहिल्यांदाच सांगितलं. त्यानं केस धरून अंगणात ओढलं, काठी मोडेपर्यंत मारलं. दुसरी आणायला वळला, तेव्हा मी अंगणातल्या खलातला बत्ता उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. मला वाईट वाटलं नाही. काकूंनी आधी ठाण्यात नेलं, मग दवाखान्यात. ठाण्यातल्या रिपोर्टवर डाव्या हातानं सही केली.

बाबूजींना सांग, त्याला समजवायला निघाले असतील तर येऊ नका. मला न्यायला निघाले असतील तर या. लोभ असेल तर रविवारी दिसेल.

तुझी ताई