डोळ्याला पापुद्रा नको

पुनम,
मी पिंपळनेरला चाललेय. पाहुण्यांना सांगते, रविवारी पोरगी पाहायला येऊ नका, महिन्याने या.

काल मी डॉक्टरला विचारलं, पोरगी कबड्डी खेळते, चष्मा घालवायला कोणतं लेझर बरं? तो म्हणे, एकात डोळ्यावरचा पापुद्रा उचलून परत बसवतात. दोन दिवसांत बरं वाटतं, पण कोणाचं कोपर लागलं तर तो सरकू शकतो. दुसऱ्यात पापुद्रा नाही, पण आठवडाभर डोळे चुरचुरतात, नीट दिसायला महिना लागतो.

आणि तू रविवारसाठी पहिलं ठरवून बसलीस! भाकरीला पापुद्रा शोभतो बाई, डोळ्याला नाही. दुसरंच कर. पाहुण्यांशी काय ते बठ्ठं मी बोलते.

कबड्डी सोड म्हणाले, तर तिथूनच रामराम करून येईन. तुझ्या खेळाला नावं ठेवायची तर मी ठेवीन, त्यांनी नाही.

आजी