फुलपाखराचं अस्तर

ती. साडूभाऊंच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण कंबर धरली आहे, आणि एकदा आडवा झालो की उठवायला आत्ता घरात कोणी नाही. तेव्हा हा उभ्या उभ्या केलेला नमस्कार पूर्ण लांबीचा समजून घ्यावा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (सगळे म्हणजे ही ठीक, मुलगा ठीक, सूनबाई ठीक. माझं पुढे येईलच.) तुमचा कान कसा आहे? डावा सुधारला असं आक्कांनी हिला फोनवर सांगितलं, पण डावा म्हणजे तुमचा डावा, की आक्का तुमच्यासमोर बसून बोलत होत्या म्हणून त्यांच्या बाजूचा डावा, हे विचारायचं हिला सुचलं नाही. सख्ख्या बहिणी तासभर बोलतात आणि मुद्द्याचं तेवढं राहतं. माझा जीव दोन दिवस टांगणीला आहे. कृपया कोणता कान ते कळवावं.

सोबत कापसात गुंडाळून, डबीत घालून, डबीला दोरा बांधून कॅमेऱ्याचा एक रोल पाठवला आहे. तो धुवायचा आहे. मागचा रोलही तुम्हीच धुऊन दिलात, पण या रोलवर माझं उरलेलं आयुष्य कुठे बसून जायचं ते ठरणार आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. कापड मला सरळ कापता येतं, लिहिणं भलतीकडे जातं. सांभाळून घ्यावं.

दुकान बंद केल्यापासून डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. (चाळीस वर्षं मशीनवर पाय चालवले, ते चालण्यात धरत नाहीत म्हणे.) म्हणून मी टेकडीवर जाणाऱ्या मंडळींत नाव घातलं. सगळे माझ्यासारखेच, कामावरून उतरलेले. त्यांचे पुढारी मास्तर. सदतीस वर्षं शाळेत शिकवून त्यांना अशी सवय लागली आहे की टेकडीसुद्धा त्यांना विचारून चढावी लागते. पावसाळा सरला की टेकडीच्या मागच्या अंगाला गुडघाभर रानफुलं येतात, जांभळी, पिवळी, आणि त्यांवर फुलपाखरं. यंदा मास्तरांनी टूम काढली, की प्रत्येकाने फुलावरच्या फुलपाखराचा एक फोटो काढायचा आणि ते सगळे वाचनालयाच्या हॉलमध्ये लावायचे. बाकीच्यांनी मोबाईल काढले. मी तुमचा कॅमेरा काढला. स्टुडिओ बंद करताना तुम्ही तो मला दिलात, तेव्हा ‘माझ्याकडे पडून आहे, आता तुमच्याकडे पडून राहील’ असं म्हणाला होतात. तो पडून राहिलेला नाही. (दोनदा पडला, पण उचलला. काच शाबूत आहे, मी रोज बघतो.)

पहिल्या खेपेला मी घेतलेला फोटो तुम्ही धुऊन पाठवलात आणि पाकिटावर ‘पान छान आलं आहे’ असं लिहिलंत. साडूभाऊ, ते पान नव्हतं. मी राग धरत नाही, तुमचा हेतू चांगला होता, पण ते पाकीट सगळ्यांनी वाचलं. जांभळ्या फुलावर पंख मिटून बसलेलं ते फुलपाखरू होतं. बाहेरून अगदी वाळक्या पानासारखं, मळकट, कडा कातरल्यासारख्या. पण मी बटण दाबायच्या आधी त्याने एकदा, पापणी लवायच्या आत, पंख उघडून मिटले होते, आणि आत काय होतं म्हणून सांगू! शेंदरी रंग, आणि चार कोपऱ्यांना चार निळे डोळे. मी हयात कोट शिवण्यात घालवली. मला तेव्हाच कळलं, की ज्याने कोणी हे शिवलं त्याने भारी कापड आत घातलं आहे आणि अस्तर बाहेर.

हे मी टेकडीखालच्या हॉटेलात चहाच्या वेळी सांगितलं, आणि तिथेच चुकलं. मास्तरांनी फोटो चष्म्याजवळ नेला, लांब नेला, उलटा धरला आणि निकाल दिला, “शिंपीबुवा, हे पान आहे. तुमच्या साडूंनीसुद्धा तेच लिहिलंय.” मी म्हटलं, अस्तर बाहेर आहे म्हणून तसं दिसतं. तर म्हणाले, “अहो, फुलपाखराला कुठलं आलंय अस्तर!” मी म्हटलं, “मास्तर, तुमच्या कोटालाही नव्हतं. मी लावलं.” सगळे हसले. मला आधी बरं वाटलं, मग लक्षात आलं की ते माझ्या बोलण्याला नव्हे, पानालाच हसत होते. तेव्हापासून मला ‘पानराव’ म्हणतात. “या पानराव, आज कुठल्या झाडाचं?”

मंडळी हसली त्याचं मला काही नाही. पण गोष्ट मुलाच्या कानावर गेली. त्याचं म्हणणं, बाबांना भास व्हायला लागले. त्याच्याकडे आधीचा पुरावाही आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत खुंटीला अडकवलेल्या कोटाला मी नमस्कार केला. (केला. पण तो कोट आहे हे मला माहीत होतं. खांदा असा बसवला होता की कोणीही शिंपी हात जोडील. हे त्याला पटत नाही.) तर त्याने ठरवलं, की बाबांनी टेकडी बंद करायची आणि गॅलरीत बसायचं. सूनबाईंनी खुर्चीला उशीसुद्धा आणली. साडूभाऊ, मी त्या खुर्चीत एक दुपार बसून पाहिलं. समोर भिंत आहे. भिंतीवर पाइप आहे. पाइपातून काही येत नाही. मी उठलो आणि मुलाला म्हटलं, मला एक खेप दे. उघड्या पंखांचा फोटो आणला, तर माझे डोळे आणि डोकं दोन्ही जागेवर आहेत असं धरायचं आणि टेकडी बंद करायची भाषा पुन्हा काढायची नाही. नाही आणला, तर मी त्या खुर्चीत बसेन, तू ऊठ म्हणेपर्यंत. तो “बरं” म्हणाला. हिच्यासमोर म्हणाला, म्हणजे आता त्याला फिरवता येणार नाही.

परवा गेलो. तुमच्या सूचनांचा कागद खिशात होता. त्यात तुम्ही लिहिलं आहे, की जवळच्या वस्तूचं अंतर अंदाजाने धरू नये, मोजावं आणि तो आकडा भिंगाच्या कड्यावर लावावा. मी सांगितलेलं ऐकणारा माणूस. गळ्यात टेप होतीच. (दुकान गेलं तरी टेप नसली की मान उघडी वाटते.) फुलपाखरू दिसलं की टेपचं एक टोक कॅमेऱ्याला धरायचं आणि दुसरं त्याच्याकडे न्यायचं, असं मी सुरू केलं. साडूभाऊ, फुलपाखरू माप देत नाही. मी अकरा फुलपाखरांची मापं घ्यायला गेलो, अकराही निघून गेली. गिऱ्हाइकाला बगलेत गुदगुल्या होतात हे मी समजू शकतो, पण मी अजून हातभर लांब असायचो! एकाच्या मागे काटेरी झुडपात गेलो, एकाच्या मागे ओढ्यात. (कॅमेरा वर धरला होता. भिजलो तो मी. नंतर काठावर ठेवताना तो घसरला, पण गवतावर.) एका पिवळ्याच्या मागे तर कोणाच्या तरी मधमाश्यांच्या पेट्यांपर्यंत गेलो. तिथून परत आलो ते अंतर मात्र मोजलेलं नाही.

मग एका दगडावर बसून विचार केला. मी दुकानात कधी गिऱ्हाइकाच्या मागे धावलो होतो का? दुकान एका जागी असतं, गिऱ्हाईक येतं. तेव्हा मी जांभळ्या फुलांचा एक तुरा निवडला, तिथून टेपने बरोबर अठ्ठेचाळीस इंच मोजले, दगडावर खडूने खूण केली, कड्यावर चार फूट लावले आणि पोटावर आडवा झालो. कंबर धरली ती तिथेच. पण हलायचं नाही असं ठरवलं होतं. मंडळी पुढे निघून गेली. ऊन मानेवर आलं. एक मुंगी एका बाहीतून शिरली आणि पाठ फिरून दुसऱ्या बाहीतून बाहेर पडली, तिलाही मी जाऊ दिलं. दीड तासाने ते आलं. तेच. मळकं, कातरलेलं. तुऱ्यावर बसलं, पंख मिटले आणि पान झालं.

आणि उघडेना. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. (आधीचे पस्तीस रिकाम्या फुलांचे आहेत. प्रत्येक फुलावर नुकतंच कोणीतरी होतं, हे लक्षात घेऊन पाहावेत आणि हसू नये.) पाव तास गेला. माझं बोट बटणावरच होतं. आत्ता दाबलं तर पुन्हा पान, नाही दाबलं तर उडून जाणार, काय करावं कळेना. तेवढ्यात तुऱ्याच्या पलीकडून मास्तर उतरत आले. गवतात मी त्यांना दिसलो नाही. त्यांना खाली काहीतरी सापडलं असावं, कारण ते माझ्याकडे पाठ करून, मोबाईल पुढे धरून, फोटोसाठी वाकले. फार वाकले. आणि चर्रर्र असा आवाज झाला. त्या आवाजासरशी फुलपाखराने ताडकन पंख उघडले, आणि मी बटण दाबलं.

साडूभाऊ, शेंदरी रंग, चारही डोळे, सगळं मी त्या बारक्या खिडकीतून पाहिलं. मी ओरडलो. मास्तरही ओरडले, पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्यानंतर मंडळी भेटली तेव्हा मास्तर सबंध उतार उलटे चालत उतरले. कोणी विचारलं, तर म्हणाले की गुडघ्यांना ते चांगलं असतं. दोघांनी लगेच तसं चालायला सुरुवात केली.

तर असा हा रोल. जपून धुवावा आणि शेवटचा फोटो मोठा काढून लगेच पाठवावा. पुढच्या रविवारी हॉलमध्ये लावायचा आहे, आणि त्याआधी मुलाच्या हातात द्यायचा आहे. सूनबाईंनी उशीला नवा अभ्रा घातला आहे, त्यावरून त्यांची काय अपेक्षा आहे ते दिसतं. आक्कांना म्हणावं, खोकला आहे तोवर कोमट पाणी घ्यावं आणि फोनवर कमी बोलावं. हे माझं नाव न घेता सांगावं.

आपला धाकटा साडू

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. फोटोत फुलपाखराच्या मागे मास्तर येतात. तोंड नाही, दुसरी बाजू. ती पँट मी शिवलेली आहे, दुकानाच्या शेवटच्या वर्षी. हॉलमध्ये सगळं गाव येणार, आणि निम्म्या गावाच्या अंगावर माझी शिलाई आहे. तुम्ही स्टुडिओत टकल्या नवरदेवांना केस लावलेत, एकाचं तर नाक सरळ केलंत असं आक्का सांगतात. तर ब्रशाने मास्तरांचा तेवढा भाग मिटवून तिथे एक झुडूप काढावं. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरं. लगेच मिटवू नये. आधी भिंगाखाली धरून पाहावं, की पँट उसवली आहे की फाटली आहे. उसवली म्हणजे शिवण सुटली, तो दोष माझा. फाटली म्हणजे कापड गेलं, तो दोष कापडाचा आणि मास्तरांचा. (माप देताना त्यांनी पोट आत ओढलं होतं. मी तेव्हाच बोललो होतो.) फाटली असेल तर झुडूप काढू नये. उलट ती जागा जास्त स्पष्ट यावी.

ता. क. तिसरं. पाकीट चिकटवत होतो, तोच मास्तर स्वतः पँट पिशवीत घालून आले. “घ्या, बघा तुमचा पराक्रम.” पाहिली. उसवली आहे. धागा माझाच, आणि टाके इतके लांब लांब, की शेवटच्या वर्षी मी असे घालत होतो हे मला आज कळलं. त्यांना बसवलं आणि तिथल्या तिथे शिवून दिली. सुई सातव्यांदा ओवली गेली. (हे मुलाला कळता कामा नये. तो कामावर होता. ही बाजारातून आली होती आणि पाहत होती, ती भर दुपारी दिवा लावून आत गेली.) पँट घेताना मास्तरांनी हळूच विचारलं, “पानराव, त्या फोटोत मी नाही ना?” मी म्हटलं, “आहात.” “मग काढून टाका मला!” मी म्हटलं, “तुम्हाला काढलं तर तुम्हीच उभे राहून म्हणाल, की साडूने फुलपाखरूही रंगवून दिलं.” त्यावर त्यांनी पँट पिशवीत घातली आणि चपला शोधू लागले, कारण ते तसंच म्हणाले असते. तेव्हा ब्रश अजिबात लावू नये. मास्तर राहू द्यावेत, उसवण राहू द्यावी. हाताचं नाव जाईल ते जाईल. डोळ्यांचं राहिलं पाहिजे.

ता. क. शेवटचं. समजा फुलपाखरू आलंच नसेल आणि नुसती पँट आली असेल, तर फोटो पाठवूच नये, नवा रोल पाठवावा. तो हिच्या नावाने पाठवावा, माझं टपाल मुलगा आधी उघडतो. हिला सांगून ठेवलं आहे. फुलं अजून तीन आठवडे आहेत.