साळूच्या विहिरीचा निबंध

प्रिय आपा,

परवा कॉलेजच्या वार्षिकांकाचे गठ्ठे आले आणि मॅडमनी वर्गात अंक वाटले. माझा निबंध छापून आलाय, मधल्या पानांत, एका सूर्यास्ताच्या फोटोशेजारी. आपल्या विहिरीचा आणि त्या सूर्यास्ताचा काय संबंध, ते छापणाऱ्यालाच माहीत! अंक घेऊन घरी आले आणि सवयीनं थेट तुझ्या खाटेकडं वळले. तिथं आता अम्मीचं शिलाई मशीन आहे. मग तुला सांगणार कसं? म्हणून लिहायला बसले. निबंध शेवटी कसा झाला हे तुला कुठं माहीत आहे? अर्ध्यावर सोडून गेलीस.

घरात आपण दखनी बोलतो, पण अभ्यासाचं भांडण आपलं कायम मराठीत व्हायचं. म्हणून पत्रही मराठीत. शुद्धलेखन तपासू नकोस.

सुरुवात तरी तुला आठवत असेल. दुसऱ्या वर्षाला इतिहासाच्या मॅडमनी सांगितलं, आपल्या गावातल्या एखाद्या जुन्या जागेवर निबंध लिहून आणा. मी गावाबाहेरची विहीर घेतली. म्हटलं, यात शोधायचं काय आहे? निजामाच्या काळात दुष्काळ पडला आणि आपले पणजोबा हुसेनमियाँ यांनी गावासाठी विहीर खोदली, हे आपल्या घरात दूधपित्या लेकरालाही ठाऊक. त्यात अब्बा त्याच दिवसांत ग्रामपंचायतीत खेटे घालत होते. विहिरीतला गाळ निघणार होता, काठ बांधून निघणार होता, आणि तिथं पणजोबांच्या नावाची पाटी लागावी अशी त्यांची इच्छा होती. माझा निबंध म्हणजे त्या पाटीला पुरावा, असंच ते सगळ्यांना सांगत फिरायचे.

मी फोनवर शोधलं, चार ठिकाणचं जोडलं आणि पानं भरली. ती पानं घेऊन तुझ्यासोबत सोलापूरला आले. तुझं डायलिसिस चालू असताना शेजारच्या स्टुलावर बसून तुला वाचून दाखवली. एक हात मशीनला बांधलेला, दुसऱ्या हातानं तू पेन मागितलंस.

पहिलं वाक्य होतं, 'पाणी म्हणजे जीवन.'

"हे कुणाला माहीत नाही?" तू म्हणालीस आणि खोडलंस.

दुसरं वाक्य वाचून विचारलंस, "हे कुणाचं आहे?"

"माझंच."

"रुबीना, 'जलस्रोतांचे संवर्धन ही काळाची गरज' असं तू जन्मात कधी बोललीस का?"

तेही गेलं. पहिल्या पानावर माझं नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा शिल्लक राहिला! मला इतका राग आला होता की परतीच्या बसमध्ये नळदुर्ग येईपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तुला त्याचं काहीच नव्हतं. तू खिडकीला डोकं टेकून झोपलीस.

पुढच्या खेपेला तूच विषय काढलास. "गावात त्या विहिरीला काय म्हणतात?"

"साळूची विहीर."

"मग हुसेनमियाँची का नाही म्हणत?"

लहानपणापासून तोंडात असलेलं नाव, पण हा सवाल कधी डोक्यात आला नव्हता. तू म्हणालीस, "विहीर हा नुसता विषय झाला. ही विहीर साळूची का, हा प्रश्न आहे. विषयावर लिहायला बसलीस तर पानं भरतील. प्रश्न घेऊन निघालीस तर चालावं लागेल."

मग तू मला विचारायचं कसं ते शिकवलंस. मी म्हणाले होते की गावातल्या सगळ्यांत वयस्क किसन अण्णांना विचारते, आमच्या पणजोबांनीच खोदली ना? तू कपाळाला हात लावलास. "असं विचारलंस तर म्हातारा तुझं मन राखायला व्हय म्हणेल. कुणी खोदली एवढंच विचार आणि गप्प बस. तुला गप्प बसणं जमेल का?" आणि दुसरं, प्रत्येकाला शेवटी विचारायचं, तुम्हाला हे कुणी सांगितलं.

तेव्हा तुला दिवसाचं पाणी बेतानं प्यावं लागायचं. ओठ सुकलेले असायचे आणि आपण तासन् तास विहिरीवर बोलायचो. एकदा तू हसून म्हणालीस, "विषय तरी काय निवडलाय बयेनं!" बाजूच्या पलंगावरच्या बाईही हसल्या. मी हसले नाही. आज हसू येतं.

आधी मी बडी फुप्पीकडं गेले. पणजोबांच्या मुलींपैकी आता त्या एकट्याच उरल्यात. त्यांचं उत्तर तयारच होतं. "माझ्या बापानं खोदली. माझी अम्मी रोज टोपलीभर भाकऱ्या थापायची खोदणाऱ्यांसाठी." आणि साळू? "असेल कुणीतरी पाणी भरायला येणारी." हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर त्या चिडल्याच. "सांगायचं काय त्यात? माहीतच आहे!"

मग किसन अण्णा. शेतात हरभऱ्याला पाणी देत होते. मी प्रश्न विचारला आणि तुझं ऐकून गप्प उभी राहिले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "जागा साळूबाईची व्हती. रांडमुंड बाई, मागं पुढं कोण न्हाई. तिनं आपला तुकडा गावाला दिला. तुझ्या पणज्यानं गाड्या जुंपून दगड आणला, खोदणाऱ्यांस्नी भाकरी घातली. ते बी खरं हाय. पर जागा तिची." हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, चावडीवर बसून.

वडारवस्तीवर जायला मी कचरत होते. तूच मला ढकललंस. "खोदली कुणी हा प्रश्न आहे ना? मग खोदणाऱ्यांना विचारणार नाहीस?" वस्तीतल्या म्हाताऱ्या यल्लूबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. मला वाटलं हाकलून देतील. त्यांनी लसणाचा अर्धा ढीग माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "सोल. सांगते."

"साळू आमची. माझ्या सासूची आजी. खाली उतरून पहारीनं खडक फोडायची, गड्यांच्या बरूबर. दरड आली अन् खालीच ऱ्हायली. तवापास्नं नाव पडलं. माझ्या सासूनं सांगितलं मला, तिला तिच्या आईनं."

"आणि आमचे पणजोबा?"

"हुसेनमियाँ व्हय? त्यो भाकरी घिऊन यायचा. साळू गेली त्या दिशी लई रडला म्हन्त्यात."

मी घरी येईपर्यंत हाताला लसणाचा वास होता आणि डोक्यात गोंधळ. तीन माणसं, तीन साळू. रात्री तुझ्या खाटेशी बसून म्हणाले, "आपा, यातलं खरं कुठलं?"

तू म्हणालीस, "तिन्ही लिही. तुला कुठलं जास्त पटतं आणि का पटतं, तेही लिही. आणि जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणून लिही. त्यात लाज काय?"

"आणि अब्बांची पाटी?"

त्यावर तू डोळे मिटलेस. "ते उद्या बघू," म्हणालीस.

बघितलंच नाहीस. त्याच आठवड्यात तुला ताप भरला, श्वास लागला, गाडी करून सोलापूरला नेलं. मी पानं सोबत घेतली होती. वेड्यासारखी घेतली होती, आता वाटतं. ती पिशवीतून बाहेर काढायची वेळच आली नाही.

आपा, एक विचारू? तुला माहीत होतं का, की ती पाटीची गाठ मलाच सोडवावी लागेल? मला राग आहे त्याचा. सगळं शिकवलंस आणि नेमकं अवघड तेवढं माझ्यावर टाकलंस!

तू गेल्याला चाळीस दिवस झाले, चाळिसावा झाला. पाहुणे गेले. दुपारी अब्बा ओट्यावर बसले होते. मी निबंध पुन्हा हातात घेतलाय हे त्यांनी पाहिलं. मी साळूविषयी विचारत फिरते हे त्यांना फुप्पीकडून कळलंच होतं. म्हणाले, "बेटा, लिही तू. फक्त ते साळूचं राहू दे."

"का, अब्बा?"

त्यांनी आधी शेजारी बसायची खूण केली. मग म्हणाले, "आपल्या इतक्या पिढ्या या गावात गेल्या. आपलं एक तरी नाव गावात दगडावर असावं. दुसरं काय मागतोय मी?"

ते खोटं लिही म्हणत नव्हते, एक नाव वगळ एवढंच म्हणत होते. आणि नुकतीच लेक गेलेला माणूस तो. मी आत गेले. तू असतीस तर भांडली असतीस, मला माहीत आहे. भांडून, जेवायला न बसता, जिंकली असतीस. मला तसं भांडता येत नाही.

दोन-तीन दिवस मी काहीच लिहिलं नाही. मग जुनी पानं चाळताना तुझं एक वाक्य दिसलं, समासात, तिरकं लिहिलेलं. 'तिघांचं जिथं जुळतं ते आधी लिही.' मी पुन्हा तिन्ही मुलाखती वाचल्या. कशात जुळतं? जागेत नाही, खोदण्यात नाही, साळूत तर नाहीच. जुळत होतं ते एवढंच, की हुसेनमियाँच्या घरून खोदणाऱ्यांना भाकरी जात होती. फुप्पी म्हणतात, अण्णा म्हणतात, यल्लूबाई म्हणतात. तिघांनी एकमेकांशी न बोलता सांगितलेलं.

तिथून सुरुवात केली आणि मग निबंध भराभर झाला. अब्बांना अंगणात बसवून सगळा वाचून दाखवला, साळूसकट. मला यल्लूबाईंचं सगळ्यांत जास्त पटतं, कारण त्यांना कुणी सांगितलं आणि त्यांना सांगणारीला कुणी, हे त्या सांगू शकतात, असं मी लिहिलं होतं. तेही वाचलं.

अब्बा ऐकत होते. भाकरीचा परिच्छेद पुन्हा वाच म्हणाले. वाचला.

"वडारवस्तीत अजून आठवतात आजोबांना?" त्यांनी विचारलं.

"नावानिशी, अब्बा."

ते उठले, चप्पल घातली आणि गेले. कुठं, ते मला संध्याकाळी अम्मीकडून कळलं. यल्लूबाईंच्या दारात बसून आले होते. काय बोलणं झालं ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही, आणि मी विचारून गप्प बसले तरी सांगत नाहीत!

पुढच्या ग्रामसभेत अब्बा बोलायला उभे राहिले. मी बायकांच्या बाजूला होते. म्हणाले, "पाटीवर साळूबाईचं नाव वर घ्या. खाली लिहा की हुसेनमियाँच्या घरच्यांनी खोदणाऱ्यांना जेवू घातलं. तेवढं पक्कं आहे." एकजण मागून म्हणाला, "भाकरीची पाटी आसती का कुठं?" लोक हसले. अब्बा नाही हसले आणि खालीही बसले नाहीत, ठरावात लिहून घेईपर्यंत उभे राहिले. किसन अण्णांनी आपलं जागेचं म्हणणं पुन्हा मांडलं, त्यावर वाद झाला. पाटी अजून लागलेली नाही. गाळही अर्धाच निघालाय. पण विहिरीवरून गावात आता लोक एकमेकांना विचारतात, तुला कुणी सांगितलं? तू ऐकलं असतंस तर लोळून हसली असतीस.

मॅडमनी निबंधावर लिहिलं, 'शेवटचा परिच्छेद आवडला.' शेवटच्या परिच्छेदात मला काय काय कळलं नाही तेवढंच आहे.

एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. घरी येणारे लोक तुझ्याविषयी फार गोड बोलायला लागलेत. नसीम कधी चिडली नाही म्हणतात. आजाराची कधी तक्रार केली नाही म्हणतात. अम्मीही मान डोलावते. परवा फुप्पी सांगत होत्या, तू पाचही वेळची नमाज कधी चुकवली नाहीस. आपा! पहाटे फजरच्या नमाजला तुला उठवता उठवता अम्मीचा घसा बसायचा. तू चिडायचीस, रडायचीस, डॉक्टरांनी बंद केलेले खारे शेंगदाणे खायचीस आणि बोलणी मला बसायची. एकदा सुया काढून फेकून देईन म्हणाली होतीस. मी तिथंच होते.

एवढ्यात तुझीही गोष्ट व्हायला लागलीय. मला ते चालणार नाही. म्हणून तुला शब्द देते, मला कुणी तुझ्याबद्दल विचारलं तर तू होतीस तशी सांगेन, चिडकी, हुशार, माझ्यावर हुकूम चालवणारी. एम.ए. तू का सोडलंस, आजारामुळं की त्याआधीच मन उडालं होतं, हे मला ठाऊक नाही. ते विचारलं तर ठाऊक नाही म्हणून सांगेन. मनाचं काही जोडणार नाही आणि तुझं काही वगळणार नाही, समोर अम्मी बसलेली असली तरी.

तुझी,
रुबीना