भांडगावची शेळी

३ ऑगस्ट, रविवार

गौतमी आली शिरूरहून! जिलेबी आणली, तीबी गरम. शिरूरहून गरम कशी राहील — चौफुल्याला घेतली आसंल. इचारायचं राहिलंच.

नात माझी कॉलेजच्या लायब्ररीत काम करती, शिकता शिकता. त्याचा पैला पैसा मिळाला. म्हणाली, "आज्जे, डिप्लोमा झाला की डिग्रीला जायचंय पुण्याला. पप्पांच्या डोक्यावर नको. पैसे साठवायचेत, पण कुठं ठेवू?"

घरात आई हाय, बाप हाय. आन् इचारलं मला! चौथीत शाळा सुटलेल्या बाईला!

४ ऑगस्ट

मी म्हणलं, शेळी घे. माझी हाय की, धाकट्या भणीकडं, नकुशीकडं, भांडगावला. संभाळती ती, करडं निम्मी तिची निम्मी माझी.

"शेळीला नॉमिनी कोण गं?" म्हणती. हसून हसून पोटात दुखलं माझ्या.

सतीश, म्हंजी माझा ल्योक, गौतमीचा बाप, म्हणला कंपनीतल्या भिशीत टाक. गौतमी म्हणली, भिशीवाला पळाला तर? पोस्टाचं नाव काढलं तर म्हणती, "स्लिप भरा, रांगेत उभं राहा. कटकट." शेवटी बँकच. फोनवर दिसतं, पाहिजे तेव्हा काढता येतं म्हणं.

मला काय त्यातलं कळतंय. पर पोरगी हिशोबी निघाली — माझ्यावर गेली!

१७ ऑगस्ट, रविवार

व्हायचं तेच झालं. सतीशच्या गाडीचं इंजिन बसलं. कुरकुंभला रातपाळीला जायचं कसं? जेवता जेवता म्हणला, "गौते, दे जरा. पगार झाला की देतो."

पोरीनं फोन काढला, बोट लावलं — गेले! घास गिळायच्या आत!

सतीश खोटा न्हाई. गाडी न्हाई तर ड्युटी न्हाई. पर मागल्या साली शिष्यवृत्तीचंबी असंच फ्रीजला गेलं. फ्रीज चांगला हाय, त्याला नाव ठेवायचं न्हाई. पर डिग्री फ्रीजमधी ठेवता येती का?

मोरीपाशी रडत हुती. "आज्जे, पप्पांना नाही कसं म्हणू?"

१८ ऑगस्ट

सकाळी तिला यष्टीला सोडाय गेले. तिथं सांगितलं, शेळी भांडगावला का ते.

दारात बांधली असती तर नणंदेचा नवरा आला, कापा. जावई आला, कापा. मालक तर कवाच तयार! आन् मला न्हाई म्हणता आलं नसतं. म्हणून नकुशीकडं. भांडगाव लांब न्हाई, पर उठून जावं लागतंय. तवर पाव्हणा पिठलं खाऊन जातो!

हसली न्हाई. म्हणली, "माझी शेळी दारातच बांधलीय की गं, आज्जे." आन् हातातला फोन दावला.

यष्टी आली. जिलेबीचं इचारायचं परत राहिलं.

२५ ऑगस्ट

फोन आला! शिरूरच्या पोस्टात खातं काढलं. कार्ड नको म्हणली, फोनला जोडू नका म्हणली. पैसं काढायचं तर स्वतः रांगेत.

तिनंच बापाला सांगितलं. सतीशचं तोंड एवढंसं झालं. मला म्हणला, "बापावर भरवसा न्हाई व्हय तिचा?"

"भरवसा हाय रे. पर घराला भूक लई हाय."

डबा उचलला, गेला ड्युटीला.

२८ ऑगस्ट

अजून धड बोलत न्हाई. भाकरी मोजून खातो. मी जास्त बोलले का?

२ सप्टेंबर

भोपळ्याला फुलं लागली. सतीश तसाच.

८ सप्टेंबर

सतीशचा पगार झाला. चपला काढायच्या आधी गौतमीचं पैसं माझ्या हातात ठेवलं, सगळं. वर आनखी थोड्या नोटा.

"ह्या कशाच्या रे?"

खाली बघत म्हणला, "आये, माझीबी एक शेळी बांध. भांडगावला."