बाबांच्या फोनची रेघ

आई,

इथे कारूच्या ओसाड माळरानात थंडी कडक आहे, पण तू विणलेला स्वेटर अंगात असतो. जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांना मी सांगायचे तो क्वेझार आठवतो? फार दूरच्या दीर्घिकेचा धगधगता गाभा, आहे एकच. पण वाटेतल्या दीर्घिकेच्या वजनाने त्याच्या रेडिओ लहरी वाकतात आणि आम्हाला दोन दिसतात. एकीकडे तो भडकला, की दुसरीकडे तेच काही आठवड्यांनी दिसतं. बाबा विचारायचे, "मग त्यातला खरा कुठला गं?"

रागावू नकोस, एक चूक झाली. आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांना मोबाईलची कुजबुजही ऐकू जाते, म्हणून फोन फाटकावरच ठेवतात. माझा ठेवला. बाबांना माती दिल्यावर तू दिलेला त्यांचा फोन मात्र पिशवीत राहिला. तो मला फोन वाटलाच नाही. दुपारी चालू केला. त्यात भरून ठेवलेल्या आवाजात ते मेंढ्यांना हाका मारतात ना, तेवढं ऐकायला.

क्वेझारच्या नोंदीत आडवी रेघ उमटली. आमच्या वरिष्ठ फोर्टाइन बाई कडाडल्या, "कुणाचा फोन जिवंत आहे इथे?"

"बाबांचा," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. मग म्हणाल्या, "रेघ पुसावी लागेल, पोरी. तूच पूस."

नोकरी शाबूत आहे, काळजी नको. तुझ्या अंगावर सुतकाचे काळे कपडे आहेत तोवर तुला कुठे जाता यायचं नाही. शेजारच्या नोंबुलेलोमावशीला बोलावत जा.

रेघ अजून तशीच आहे. रोज पुसायला बसते, आणि उठते.

तुझ्या कुशीत यायला आसुसलेली,
सिफोकाझी