गाडी घेऊन येतो

२ डिसेंबर २०२४, सोमवार

पहाटेच्या एसटीने भूमहून निघालो आणि दुपारी वल्लभनगरला उतरलो. दोन पिशव्या, एक वळकटी आणि बायकोने, वर्षालीने, दिलेला शेंगाचटणीचा डबा. काळेवाडीतली खोली पाहून जीव हरखला. खाली अजीजभाईंचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, वर मी. खिडकी पूर्वेकडे. गच्चीत गेलं की पवना दिसते, पाणी थोडं आणि जलपर्णीच जास्त, पण नदी ती नदीच.

अजीजभाई साठीचे असतील. डिपॉझिटचं बोलणं त्यांनी चहानंतर काढलं आणि तेही लाजतच. संध्याकाळी त्यांच्या बायकोने, गुलशनभाभीने, ताटभर दालचा-भात वर पाठवला. संक्रांतीपर्यंत वर्षालीला इथं आणायचं. तिला सातवा महिना लागेल तेव्हा. ही वही तिच्यासाठीच घेतली आहे. तिने सांगितलंय की रोज फोनवर सगळं बोलता येत नाही, तर लिहून ठेव, मी आल्यावर वाचीन.

५ डिसेंबर, गुरुवार

इकडे सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. आज कपडे धुतले, खोलीला दोरी बांधली.

कारखाना चाकणच्या आत, मोठ्या कंपन्यांच्या मागच्या रस्त्याला आहे. पत्र्याची शेड, तीन लेथ, एक मिलिंग. मालक सयाजीशेठ तिथल्याच जुन्या घराण्यातले. जमीन एमआयडीसीत गेली, पैसे आले, त्यातून शेड उभी केली. आवाज मोठा, पण मन मोकळं. पहिल्याच दिवशी मी लेथवर काढलेला जॉब, म्हणजे लोखंडी सुटा भाग, त्यांनी बोटांनी चाचपला आणि सगळ्यांना हाक मारून दाखवला. म्हणाले, ह्याला म्हणायचं हात. सहा वर्षं लेथवर काढली, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

गेटवर सुमनताई असतात. झाडलोट, चहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची वही सगळं त्यांच्याकडे. मूळच्या चिपळूणच्या. मला पहिल्या दिवसापासून "अरे बाबू" म्हणतात.

९ डिसेंबर, सोमवार

आज एक वेगळंच काम झालं.

सहाला सगळे गेल्यावर शेठनी गाडीतून सतरंजीत गुंडाळलेली रायफल आणली. त्यांच्या आजोबांची. जाड, जड, नळीत अंगठा जाईल एवढं तोंड. परवाना पिकाच्या राखणीचा आहे म्हणाले, पण लांबी फार, झाडीत अडकते आणि सीटखाली मावत नाही. आखूड करून दे.

असलं काही करायचं नसतं हे मला माहीत होतं. तसं मी म्हणालोही, पण अगदी हळू. शेठ हसले. पुढच्या महिन्यापासून सुपरवायझर तूच, बायकोला आण, खोलीचं भाडं कारखाना भरील, असं म्हणाले.

मी ती कापली. खोटं कशाला लिहू, काम करताना आनंद झाला. नळीचं तोंड असं साफ उतरलं की बोट फिरवत राहावंसं वाटलं. हातभर लांबीची, आखूड, एखाद्या गुटगुटीत पोरासारखी दिसायला लागली. शेठ म्हणाले, गुरुवारी सांबराच्या शिकारीला जाऊ. खेडच्या पुढं, धरणाच्या वरच्या अंगाला त्यांच्या सासुरवाडीचं रान आहे. रविवारी फार्महाऊसवर जेवण ठेवलंय, आठ-दहा जण यायचे आहेत.

१२ डिसेंबर, गुरुवार

पहाटे जाऊन आलो. खूप धुकं होतं. सांबर मिळालं नाही. थकलोय.

१३ डिसेंबर, शुक्रवार

काम केलं. दोन जॉब खराब झाले. शेठ काही बोलले नाहीत.

१४ डिसेंबर, शनिवार

काल-परवाचं मी खोटं लिहिलं. वर्षाली वाचणार म्हणून खोटं लिहिलं. आता खरं लिहितो, मग तिने वाचलं तरी चालेल.

उजाडत होतं. पुढं घाणेरीच्या जाळ्या आणि त्यांच्या मागं धुकं. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. जाळीत काहीतरी तपकिरी हललं. खाली वाकलेलं, पाठ केवढी तरी रुंद. शेठनी रायफल माझ्या हातात दिली. "तू कापलीस, पयला बार तूच काढ. सांबर हाय. मार."

मी विचारलं नाही. नीट पाहिलंही नाही. मारला.

पडल्यावर ते ओरडलं नाही. "आई गं" म्हणालं.

तपकिरी घोंगडी पांघरलेला म्हातारा होता. लाकडाची मोळी बांधत होता. गोळी मांडीच्या वर, कमरेत लागली होती. मी माझा टॉवेल दाबून धरला, तो क्षणात भिजला. म्हाताऱ्याने मला शिवी दिली नाही. नाव विचारलं तर धोंडीबा म्हणाला. वस्ती पलीकडच्या उतारावर, घरी म्हातारी आहे. माझ्याकडे पाहून म्हणाला, "पोरा, तुजा काय दोस न्हाई. धुकंच हाय." मग पाणी मागितलं. बाटली गाडीत होती.

शेठ मला बाजूला घेऊन गेले. दवाखान्यात नेलं तर दोघंही आत जाणार, म्हणाले. त्यांचं नाव आहे, ते सुटतील. नळी कुणी कापली? बार कुणी काढला? बायको कितव्या महिन्यात आहे? असं एकेक हळू विचारत होते.

मी परत धोंडीबापाशी गेलो. आंब्याच्या खोडाला त्याला टेकवलं आणि म्हणालो, "बाबा, हितंच बसा. मी गाडी घेऊन येतो."

तो म्हणाला, "ये बरं लवकर."

गाडी खाली उभी होती. शेठनी ती सुरू केली आणि हमरस्त्याकडे वळवली.  राजगुरुनगर गेलं. चाकणच्या चौकात आम्ही दहा मिनिटं एकाच जागी अडकून उभे होतो. दार माझ्या बाजूलाच होतं. कुलूप नव्हतं. उतरता आलं असतं.

फोन खिशात होता. अँब्युलन्सचा एकशे आठ हा आकडा लहान पोरालाही पाठ असतो.

१५ डिसेंबर, रविवार

चार पेपर घेतले. कशातच काही नाही. शेठ म्हणाले, वस्तीवाल्यांनी उचलून नेला असंल, बरा बी झाला असंल. हे म्हणताना ते लेथकडे बघत होते.

फार्महाऊसवरचं जेवण झालं म्हणे. कोंबडीचं.

१६ डिसेंबर, सोमवार

दुपारी जेवायला बसलो तेव्हा सुमनताई आत आल्या. गेटवर एक म्हातारा आलाय, त्या गाडीवाल्या पोराला भेटायचंय म्हणतो. त्यांनी त्याला बाकावर बसवून चहा दिला होता. गाडीवाला म्हणजे कोण, माझ्याकडे तर साधी सायकलही नाही, असं मी म्हणालो. आवाज साधा ठेवला.

पत्र्याच्या फटीतून पाहिलं. पाठमोरा. तपकिरी घोंगडी. एका बाजूने ओली.

म्हणजे जिवंत आहे. आधी खरंच आनंद झाला. मग लक्षात आलं, कमरेत गोळी लागलेला माणूस पन्नास किलोमीटर कसा येईल. आणि मी इथं असतो हे त्याला कोण सांगेल.

मागच्या दाराने गेलो.

१७ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा आला. तसाच बसला, काही मागत नाही. चहा देतात तो नुसता हातात धरून ठेवतो, सुमनताई म्हणाल्या. त्या मला रागावल्या. "अरे बाबू, एवढा म्हातारा माणूस ताटकळतोय, दोन शब्द बोललास तर काय झिजशील?"

गेल्यावर त्यांनी बाक धुतला. पान खाऊन घाण करून गेला, म्हणाल्या. पाणी माझ्या पायापर्यंत वाहत आलं. पानाचा वास नव्हता.

१८ डिसेंबर, बुधवार

शेठ आले नाहीत. अकराला फोन आला. आवाज ओळखू येईना.

धोंडीबा त्यांच्या घरी गेला होता. काल, दुपारी. त्यांच्या बायकोने त्याला पडवीत बसवून भाकरी वाढली. मी विचारलं किती वाजता. एक वाजता.

एक वाजता तो इथं बाकावर होता. मी स्वतः पाहिला.

मी म्हणालो, शेठ, आपण पोलिसात जाऊ. ते ओरडले. मग एकदम शांत होऊन म्हणाले, "त्यो मेला न्हाई, म्हनून येतोय. अर्धं काम ऱ्हायलं आपलं. मी वर रानात जातो आन् पुरं करून येतो." रायफल त्यांच्याकडेच आहे.

मी कापलेली.

१९ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी. दार लावून बसलो होतो. वर्षालीचे दोन फोन आले, उचलले नाहीत.

चारच्या सुमाराला अजीजभाई वर आले. म्हणाले, "ज्ञानेशभाऊ, खाली एक बुजुर्ग येऊन बसलेत. गाडी आली का, एवढंच विचारतात. गुलशनने पाणी दिलं तर घेईनात. म्हणतात, त्या पोराच्या हातचं घेईन."

 जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. आठ दिवसांत हे पहिल्यांदा तोंडाने बोललो.  नंतर अजीजभाई डोक्यावरची टोपी हातात घेऊन बसले. मला वाटलं, आता खोली सोड म्हणतील.

"जबान दिली होतीस?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग जिवंत असो, नसो, पहिले गाडी घेऊन जा. मग चौकीत. मी येतो दोन्हीकडे."

खाली उतरलो तर स्टूल रिकामं होतं. गुलशनभाभी फडक्याने फरशी पुसत होती. फडकं लाल झालं होतं आणि ती त्याकडे नुसती बघत होती.

अजीजभाईंचा छोटा टेम्पो घेऊन पहाटे निघतो. त्यांना बरोबर येऊ देणार नाही, हे माझं मलाच करू दे. सगळं दोन कागदांवर लिहून, सही करून त्यांच्याकडे दिलंय. दुपारपर्यंत परतलो नाही तर ते कागद चौकीत द्यायचे. नळी मी कापली हे पहिल्याच ओळीत आहे.

रात्री वर्षालीला फोन केला. बाळ लाथा मारतंय म्हणाली. 

२० डिसेंबर, शुक्रवार. सकाळी सव्वासात

टेम्पो खाली लावला. धुकं तसंच. वही बरोबर आणली आहे, का ते माहीत नाही.

आंबा सापडला. तो आहे. तिथंच, खोडाला टेकून, मी बसवला तसाच. आठ दिवस. मुंगीसुद्धा लागलेली नाही.

हात लावला—

गरम आहे.

साडेसात

डोळे उघडले. म्हणाला, "आलास व्हय."

पाणी पाजलं. प्यायला. सगळी बाटली. जखमेवर माझाच टॉवेल आहे, रक्त अजून ओलं, आत्ता लागल्यासारखं. मी पाया पडलो. माफ करा म्हणालो, किती वेळा कोण जाणे.  त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. नुसता बघतो. त्यापेक्षा मारलं असतं तर—

उचलून पाहिलं. उचलत नाही. हाडकुळा माणूस, पण जमिनीतून निघतच नाही. तीनदा पाहिलं.

पावणेआठ

एकशे आठ लागला. रेंज जाते-येते. पलीकडच्या मुलीने ठिकाण विचारलं, सांगितलं. पेशंट किती विचारलं. एक म्हणालो.

धोंडीबा डोळे मिटून म्हणाला, "दोन सांग."

फोन कटला.

शिवारात आमच्याशिवाय कुणी नाही. दुसरा कोण, विचारलं. 

थंडी फार आहे. माझे दात वाजतायत. त्याने अंगावरची घोंगडी काढून माझ्या खांद्यावर टाकली. नको म्हणालो. "घे. तुला लागंल." ओली आहे, पण ऊब—

खाली गाडी थांबली. अँब्युलन्स एवढ्यात कशी—

पांढरी आहे. शेठची.

उतरले. हातात टॉवेलखाली आखूड काहीतरी. वर येतायत. धुक्यात वाकून, जाळीजाळीने. त्या गुरुवारी मला शिकवलं तसं.

हाक मारली.  आवाज निघत नाही. घोंगडी काढायला गेलो, गळ्याशी गाठ आहे, सुटत नाही, कुणी मारली—

आंब्याकडे पाहिलं. खोडाशी कोणी नाही. गवत दबलेलं आहे, बस.

शेठ गुडघ्यावर बसले. दहा पावलं. माझ्याकडेच बघतायत पण ओळखत नाहीत. ओठ हलतायत. काय म्हणतायत ते मला—

उभा राहतो. दोन्ही हात वर करतो. माणूस आहे एवढं तरी त्यांना दिस—